शिवगोंडाची वही मी लिहिली

आजऱ्याच्या पश्चिमेला जंगलात पायी हिंडायचं असेल तर ऑक्टोबरात जावं. पाऊस बहुतेक सरलेला असतो, जळवा कमी झालेल्या असतात आणि घनसाळ भाताच्या खाचरांवरून वारा आला की न शिजलेल्या भाताचाही वास येतो. एवढं मात्र पाहावं, की आपण तिथे नेतृत्व शिकायला चाललेलो नाही. मी तसाच गेलो होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयानं ‘साहसी उपक्रम नेतृत्व’ या नावाची एक वर्षाची विद्यापीठीय पदविका सुरू केली होती. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही. अभ्यासक्रम पुढे दोन वर्षांत बंद पडला, आता त्याला कशाला त्रास द्या. मी शिवाजी पेठेतला, एका हायस्कुलात मराठी शिकवणारा. शाळेच्या सहली न्यायला कोणीतरी प्रशिक्षित माणूस हवा, असं मुख्याध्यापकांच्या मनात आलं, आणि माझ्याकडे गिर्यारोहणाची पुस्तकं आहेत हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पेठेत राहून तालमीची पायरी न चढलेला आणि फुटबॉलला पाय न लावलेला माणूस साहसाचं शिक्षण घेतोय, याचा गल्लीला वर्षभर आनंद झाला.

वर्षाअखेरची परीक्षा म्हणजे तीन दिवसांची पायपीट. तिघातिघांच्या तुकड्या, प्रत्येक तुकडीची वाट वेगळी, रोज एकानं पुढारी व्हायचं आणि चौथ्या दिवशी सगळ्यांनी जंगलाच्या कडेच्या एका शाळेत तोंडी परीक्षेला हजर राहायचं. निम्मे गुण ‘नेतृत्व वही’ला होते. त्या वहीत पाच रकाने : वेळ, परिस्थिती, पर्याय, निर्णय, कारण. ज्या दिवशी आपण पुढारी, त्या दिवसाची नोंद आपण करायची.

माझ्या तुकडीत सुजाता आणि शिवगोंडा. सुजाता कोडोलीची, आरोग्य उपकेंद्रात नर्स. शिवगोंडा गडहिंग्लजच्याही पलीकडचा, कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेल्या गावचा. घरी शेती आणि धान्याचं दुकान. मोठा भाऊ ते बघायचा. शिवगोंडा मात्र दोन वर्षं एका निवासी शाळेत हंगामी म्हणून मुलांना डोंगरावर नेत होता. शाळेनं त्याला सांगितलं होतं, डिसेंबरपर्यंत पदविका आणलीस तर कायम करतो, नाहीतर दुसरा बघतो. आम्हा बाराजणांत पदविकेची खरी गरज असलेला तो एकटा. बाकीचे आम्ही हौशी, किंवा कुणीतरी पाठवलेले.

कोल्हापूर ते आजरा

पहिल्या दिवशी पुढारी सुजाता होती. सकाळी सहाची एसटी पकडायची म्हणून ती पावणेपाचला महाविद्यालयाच्या आवारात हजर. तिथे मांडव, सतरंजी आणि माइकची चाचणी चालू होती. आमचं प्रस्थान हा समारंभ आहे, हे आम्हाला तिथे कळलं.

प्रमुख पाहुणे नऊला आले. बारा विद्यार्थ्यांना बारा फेटे बांधण्यात आले. संचालकांनी नेतृत्व म्हणजे वेळेचं भान, यावर पाऊण तास भाषण केलं. पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि होकायंत्राची पितळी प्रतिकृती देण्यात आली. खरी होकायंत्रं बारा जणांत चार होती.

“सर, फेटा काढू का?” शिवगोंडानं मला हळूच विचारलं. “कान दुमडलाय आत.”

“फोटो होईपर्यंत थांब.”

“फोटो दोनदा झाला की.”

“पाहुण्यांचे डोळे मिटले होते,” सुजाता म्हणाली. “तिसऱ्यांदा घ्यायचाय.”

आजऱ्याला पोचेपर्यंत दुपार कलली होती. त्या दिवशी चालायचं अंतर राहूनच गेलं. संध्याकाळी सुजातानं वही काढली आणि दोन मिनिटांत मिटली. मी उत्सुकतेनं पाहिलं. ‘कारण’ या रकान्यात तिनं लिहिलं होतं : प्रमुख पाहुणे उशिरा आले.

“हे असं लिहिणार?” मी म्हणालो.

“मग कसं लिहू? वारा आला म्हणून?”

मुक्काम सुजाताच्या खात्यातल्या एका सिस्टरबाईंच्या घरी होता. घराशेजारी काजूचा लहान कारखाना. बायका ओळीनं बसून बिया फोडत होत्या. टरफलाच्या तेलानं बोटं भाजतात म्हणून त्या हाताला राख चोळत, तरी बोटांची टोकं काळी पडलेलीच. त्यांच्यातली एक शिवगोंडाशी कन्नडमध्ये बोलायला लागली. तिचं माहेर त्याच्या गावापासून तीन कोसांवर निघालं, आणि मग आमच्या जेवणाचा दर्जा बदलला. घनसाळचा भात, आमटी, भिजवलेल्या काजूची उसळ. कोल्हापुरात पाहुण्याला वाढणं हा कुस्तीचाच प्रकार आहे. नको म्हटलं की वाढणाऱ्याला चेव येतो. इथे यजमानीणबाई वाढून बाजूला उभ्या राहत आणि ताट रिकामं झालं की न बोलता पुन्हा वाढत. मी तीनदा भात घेतला, तो कोणत्याही आग्रहाशिवाय. हे पेठेत सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

काजूची बाग, तीन वेळा

दुसरा दिवस माझा. नकाशा, होकायंत्र आणि वाचलेली पुस्तकं या तिन्हींवर भरवसा ठेवून मी सकाळी तुकडीला आजऱ्याबाहेर काढलं. तासाभरानं आम्ही काजूच्या बागेत शिरलो. त्यानंतरही आम्ही काजूच्या बागेत शिरलो. तिसऱ्यांदा शिरलो तेव्हा बांधावर बसलेल्या म्हाताऱ्यानं विडी विझवली.

“पावणं, च्या टाकू का?” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा आलायसा. आता न्हाय म्हनू नगा.”

“आम्ही वाट शोधतोय, काका.”

“वाट हितंच हाय की. तुमी तिच्यावरनंच तीनदा गेलायसा.”

शिवगोंडा मागे उभा होता. पहिल्या फेरीलाच वाट कुठे फुटते हे त्यानं पाहिलं होतं, असं नंतर समजलं. मी विचारलं, “मग बोलला का नाहीस?” तर म्हणाला, “आज पुढारी तुमी हाय, सर.” त्यात टोमणा नव्हता. त्याला नियम म्हणजे नियम वाटायचा.

संध्याकाळी धनगरवाड्याजवळच्या समाजमंदिरात मी माझी नोंद केली. दोन तास भरकटल्याचं मी असं लिहिलं : ‘परिसराचे व्यापक निरीक्षण करून स्थानिक ज्येष्ठ नागरिकांशी संवाद साधला व पर्यायी मार्गांची पडताळणी केली.’ यातला एकही शब्द खोटा नव्हता. मराठीचा शिक्षक असण्याचे फायदे असतात.

सुजातानं ते वाचलं आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. शिवगोंडानं मात्र वही हातात घेऊन बोटानं ओळ न् ओळ वाचली. “झॅक ल्हिता सर तुमी,” तो म्हणाला. तो सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेला. मराठी बोलायला अडचण नव्हती, लिहायला घाम फुटायचा. मग वही परत देत त्यानं विचारलं, “उद्या माजा दिवस. माजी वही तुमी ल्ह्याल का? मी सांगतो तसं. सही मी करतो.”

नियमात ते बसत नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. कुणी आपल्या भाषेची तारीफ केल्यावर नाही म्हणायला जो कणखरपणा लागतो तो माझ्यात कधीच नव्हता.

ओढा

तिसऱ्या दिवशी शिवगोंडा पुढे होता आणि मला पहिल्यांदा समजलं, की पुढारी पुढे असूनही दिसत नसतो. तो वळून बघायचा नाही, पण सुजाताची पिशवी जड झाली की वेग कमी व्हायचा. पुढाऱ्याला दिलेली शिट्टी त्यानं खिशातच ठेवली. करवंदीच्या जाळ्यांतून, कारवीच्या उतारावरून आम्ही बाराच्या सुमाराला एका ओढ्याशी आलो. पाणी गुडघ्याइतकं. पलीकडच्या टेकाडामागे शाळा, तासाभराचा रस्ता. डोक्यावर लख्ख ऊन.

अलीकडच्या काठाला डोहात सात-आठ म्हशी डुंबत होत्या आणि एक बाई झाडाखाली बसून भाकरी खात होती. आम्ही बूट काढायला बसलो. मी एक बूट काढला असेन, तेवढ्यात म्हशी उठल्या. कोणी हाकललं नाही, कोणी हाक मारली नाही. एकीमागून एक उठल्या, काठावर चढल्या आणि चालायला लागल्या.

शिवगोंडा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बाईला विचारलं, “मावशी, तुमी हाक दिलासा काय त्यास्नी?”

“न्हाय बा. मी जेवाय लागलोय की.” बाईनं भाकरी फडक्यात गुंडाळली, उभी राहिली आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला पाहिलं. “पावणं, पलीकडं जाताय व्हय? जाऊ नगासा. बसा वाईच.” आणि ती म्हशींच्या मागे चढावर निघून गेली.

“बूट घाला सर,” शिवगोंडा म्हणाला. “वर जाऊन बसू.”

“अरे, गुडघाभर पाणी आहे!” मी म्हणालो. “पुस्तकात मांडीपर्यंत चालतं. हातात काठी घेऊन तिरकं जायचं. दहा मिनिटांचं काम.”

“म्हसरं उनाचं आपनहून पान्यातनं उठत न्हाईत.”

“म्हशींना काय कळतंय?”

“मला कळतंय न्हवं, त्या का उठल्या ते.”

“आणि नाही आलं वरून पाणी तर? सगळ्यांत आधी पोचणाऱ्या तुकडीला जादा गुण आहेत. मागं बसलो म्हणून पेठेत तोंड दाखवायची सोय नाही.”

“पेठ हितं न्हाय सर,” सुजाता म्हणाली. ती बूट घालून उभीसुद्धा होती.

आम्ही चढावर जाऊन बसलो. मी रागानं बसलो. अर्ध्या तासानं ओढ्याचा आवाज बदलला. आधी गाडी घाटात चढते तसा, मग त्याहून मोठा. डोहावरून तांबडं पाणी आलं, त्यात फांद्या, एक अख्खं केळीचं झाड आणि कुणाच्या तरी कुंपणाचा तुकडा. आम्ही जिथे बूट काढत होतो तिथे कंबरेच्या वर पाणी झालं. वर घाटमाथ्यावर कुठेतरी कोसळला होता. आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपकाही नव्हता.

मी शिवगोंडाचा हात धरला. तो ओशाळला. “पिशवीतली भाकरी काढू का?” म्हणाला. आम्ही तिथेच बसून भाकरी, खर्डा आणि कांदा खाल्ला. पाणी उतरायला संध्याकाळ झाली. शाळेत आम्ही शेवटचे पोचलो.

तिथे व्हरांड्यात बसून मी त्याची वही लिहायला घेतली. तो सांगत होता. “परिस्थिती : म्हसरं उठली. निर्णय : थांबायचं. कारण : मावशीनं हाक दिली न्हवती.”

एवढंच. मी ते ऐकलं आणि मला परीक्षक दिसायला लागले. वाटलं, या माणसानं आपला जीव वाचवला, त्याची नोंद अशी गावठी कशी जाऊ द्यायची? मी लिहिलं : ‘प्रवाहाच्या पातळीचे दर दहा मिनिटांनी खुणेच्या काठीने मोजमाप केले. गढूळपणा व वेग यांतील वाढ आणि पश्चिमेकडील मेघस्थिती यांचे विश्लेषण करून तुकडी सुरक्षित उंचीवर हलवण्याचा निर्णय घेतला.’

त्यानं बोटानं वाचलं. मग वर पाहिलं. “म्हशी कुटं गेल्या?”

“म्हशी परीक्षकांना कळणार नाहीत.”

“आनि काठी?”

“ती पद्धत असते. सगळे लिहितात.”

तो घुटमळला. “तुमी शिकल्याली मानसं,” असं म्हणून हसला आणि खाली कन्नड वळणाची, गोल अक्षरांची सही केली.

तोंडी परीक्षा

संचालक सकाळी जीपनं आले. शाळेनं लेझीम ठेवलं होतं. मग एका वर्गात टेबलावर फुलदाणी, मागे फळ्यावर रंगीत खडूनं ‘सुस्वागतम्’, आणि आम्ही तुकडीतुकडीनं आत.

सुजाताची वही पाहून संचालकांच्या भुवया वर गेल्या. “‘प्रमुख पाहुणे उशिरा आले’? ही काय नोंद झाली?”

“झालं तेच लिहिलंय सर.”

तिचे गुण कापले गेले, पण पास झाली. मग माझी वही. ‘परिसराचे व्यापक निरीक्षण’ त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. “आदर्श नोंद,” ते म्हणाले. “पुढच्या तुकड्यांना नमुना म्हणून दाखवू.” मी मान लववली. काजूच्या बागेतला तो म्हातारा तिथे असता तर त्यानं पुन्हा विडी पेटवली असती.

शिवगोंडाची वही उघडून ते थांबले. “उत्तम. दर दहा मिनिटांनी मोजमाप. आकडे सांगा.”

शिवगोंडा सरळ उभा होता. “आकडे न्हाईत सर.”

“का? लिहून ठेवले नाहीत?”

“मोजलं न्हाय.”

संचालकांनी वहीतली ती ओळ पुन्हा वाचली.

“मग पाणी वाढणार हे कसं ओळखलं?”

“म्हसरं उठली, सर. बाईनं हाक दिली न्हवती तरी.”

“मेघस्थिती?”

“ऊन हुतं.”

“म्हणजे ही नोंद खोटी आहे.” संचालकांनी वही टेबलावर ठेवली. “निर्णय चुकला तर माफ होतो. पुढाऱ्यानं खोटं लिहिलं तर होत नाही. ही सही तुमचीच ना?”

“व्हय.”

“मजकूर?”

आता तो माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. त्यानं पाहिलं नाही. समोरच्या फळ्याकडे बघत म्हणाला, “चुकलं सर.”

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. एक वाक्य पुरेसं होतं, आणि वाक्यं करणं हा माझा धंदा. मी मनातल्या मनात ते जुळवत राहिलो, अधिक बरं, अधिक नेमकं करत राहिलो. तेवढ्यात संचालकांनी त्याच्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि पुढच्या तुकडीला बोलावलं.

परत

दुसऱ्या दिवशी परतीच्या एसटीत शिवगोंडा पुढे ड्रायव्हरच्या मागे बसला. गडहिंग्लजच्या फाट्याला उतरताना त्यानं माझी पिशवी फळीवर नीट लावली, कारण ती घसरत होती. “येतो सर. येतो सिस्टर,” म्हणाला. गाडी हलल्यावर सुजाता माझ्या शेजारी येऊन बसली.

“सर, एक विचारू? परवा ओढ्यावर एवढं वरडत हुता, पुस्तकात असं हाय न् तसं हाय. काल आवाज कुठं गेलता?”

“मी बोलणार होतो.”

“मग बोला की अजून. संचालक काय मेल्यात?”

त्या रात्री मी संचालकांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, म्हशींसकट. हे पत्र मात्र मी सजवलं नाही. आठवड्यानं महाविद्यालयात गेलो. संचालकांच्या खोलीत त्यांचे शाल स्वीकारतानाचे फोटो ओळीनं लावलेले होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, आणि खरं सांगायचं तर ते वाईट माणसासारखे वागले नाहीत.

“दोघांनी मिळून नोंद केली, असं तुम्ही लेखी देताय,” ते म्हणाले. “हे दाखल झालं की त्याचं प्रकरण पुन्हा उघडता येईल. फेरपरीक्षा घेता येईल, नोव्हेंबरात. पण नियम सरळ आहे. लिहिणाऱ्याची पदविका रद्द होते. तुमच्या शाळेलाही कळवावं लागेल.”

मी पत्राकडे पाहिलं.

“अजून आवक नोंद झालेली नाही.” त्यांनी पत्र टेबलावर माझ्या बाजूला सरकवलं. “विचार करा. मी जरा सही करून येतो.”

ते बाहेर गेले. शिपायानं चहा आणून ठेवला. मला मुख्याध्यापक आठवले, शिक्षक खोली आठवली, गल्ली आठवली. वर्षभर हसलेली गल्ली आता कशी हसेल ते ऐकू आलं. मी पत्राची घडी घातली, खिशात ठेवलं आणि चहा प्यायलो. गोड होता. संचालक परत आले तेव्हा त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या महिन्याच्या पदविका प्रदान समारंभाची पत्रिका दिली.

शाळेनं डिसेंबरात दुसरा माणूस घेतला. शिवगोंडा गावी भावाच्या हाताखाली दुकानात बसतो, असं सुजातानं फोनवर सांगितलं. मी न मागताच तिनं पत्ताही सांगितला, सावकाश, लिहून घेता येईल असा. मी लिहून घेतला. कोल्हापूरहून दोन-अडीच तासांचा रस्ता आहे, दिवसातून चार एसट्या जातात, शेवटची परतीची संध्याकाळी मिळते. गेल्या आठ वर्षांत मी मुलांना घेऊन दोनदा हिमाचलात जाऊन आलो, एकदा सिक्कीमला. त्या गावाला अजून गेलेलो नाही.